मार्थाबाई डोंग्यात झोपल्या त्या दिवशी

आमच्या मिशन दवाखान्याच्या जीपचा हॉर्न चार वर्षं बंद होता आणि तो दुरुस्त करावा असं कुणालाच वाटलं नाही. मी होतो ना! वळणावर गाय दिसो, सायकलवाला दिसो की आठवडी बाजारातून झिंगत येणारा कुणाचा पाहुणा, खिडकीतून मुंडकं काढून मी जो आवाज द्यायचो, त्यापुढे नवा हॉर्नही लाजला असता.

आणि नाव काय, तर शांतवन. आम्हा ख्रिस्ती लोकांत सांत्वन या अर्थाने हे नाव ठेवतात. माझ्या आधीची आईची दोन मुलं गेली होती, म्हणून बापाने मोठ्या आशेने ठेवलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, "देवाला विनोद कळतो याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. तो आपल्याच मंडळीत तिसऱ्या बाकावर बसतो."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. वैनगंगेच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. आमचा दवाखाना अलीकडच्या काठावरच्या एका तालुक्याच्या गावात. एक डॉक्टर, चार नर्सा, एक कंपाउंडर, एक जीप आणि मी. आजूबाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आणि त्यांच्यामागे जंगल.

दवाखान्याचा ड्रायव्हर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. गाडी चालवणं हा त्यातला विश्रांतीचा भाग. स्ट्रेचरचं एक टोक ड्रायव्हरकडे. गाडी नाल्यात बसली की दगड रचायचं काम ड्रायव्हरकडे. सलाइनची बाटली टांगायला गाडीत हूक होता, पण खड्ड्यांत ती अशी नाचायची की सुईच निघून यायची. म्हणून एका नातेवाइकाच्या हातात बाटली द्यायची आणि दर मैलाला ओरडायचं, "हात वर! वर म्हंतो ना!" एकदा मी असा ओरडलो की त्या माणसाने घाबरून दोन्ही हात वर केले. बाटली माझ्या डोक्यावर पडली. पेशंट त्याही अवस्थेत हसला, एवढंच त्यातलं समाधान.

जीपचा सेल्फ मेलेला होता. त्यामुळे गाडी उतारावर उभी करायची. जिथे उतार नाही तिथे नातेवाइकांनी धक्का मारायचा. या धक्क्यावरून पेशंट घरात किती लाडका आहे ते मला बरोबर कळायचं. एकदा एका पहिलटकरणीला आणायला गेलो. दिवस भरलेले, कळा सुरू. नवरा आणि दोन दीर धक्का मारत होते, पण गाडी हलेना. मी आतून ओरडून राह्यलो. ती बाई मागे कण्हत होती, ती एकदम गप्प झाली. खाली उतरली, नवऱ्याला म्हणाली, "सरका बाजूले, तुमच्याच्यानं काई होत नाई," आणि तिनं खांदा लावला. गाडी सुरू झाली! दवाखान्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर, गाडीतच तिला मुलगी झाली. आमच्या मार्थाबाई म्हणाल्या, "दोघींनी मिळून मारला धक्का."

मार्थाबाई म्हणजे आमच्या मोठ्या नर्स. पन्नाशी उलटलेली, काठीसारखा बांधा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. दौऱ्यावर त्या माझ्या शेजारी बसायच्या. सोळा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. मी कुणावर ओरडलो की त्या चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि परत लावायच्या. बस, एवढंच. पण त्या पुसण्याची मला डॉक्टरांच्या मेमोपेक्षा जास्त भीती वाटायची.

आता पैकूभाऊबद्दल सांगतो. पैकूभाऊ ढिवर. नदीपलीकडे, माझ्या सासुरवाडीच्या गावात राहायचा. साठीचा माणूस, मासे धरणं हा धंदा आणि दर शुक्रवारी पोट दुखणं हा दुसरा. शुक्रवारी आमच्या गावी बाजार, आणि शुक्रवारीच आमची जीप पलीकडच्या खेड्यांतून पेशंट घेऊन पुलावरून परत यायची. पैकूभाऊ रस्त्याकडेला पोट धरून बसलेला. शेजारी टोपली, टोपलीवर ओलं फडकं.

"काय होते, पैकूभाऊ?"

"लय दुखून राह्यलं, डायवरभाऊ. आतडे पिळून राह्यले."

"आन टोपलीत काय हाय?"

"औषध हाय गावठी."

ते औषध गाडीभर वास मारायचं आणि मधूनमधून उडी मारायचं. दवाखान्याच्या फाटकात उतरलं की पैकूभाऊचं पोट थांबायचं आणि पाय बाजाराकडे सुटायचे. मी त्याला काय काय बोललो असेन! तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. एकदा मार्थाबाईंनी त्याला फाटकातच थांबवलं, प्रेमाने बाकावर बसवलं आणि एरंडेलाचा मोठा पेला हातात दिला. "पोट दुखते ना? घ्या." पैकूभाऊने माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून प्यायला. त्या दिवशी बाजारात त्याची टोपली भलत्याच बाईने विकली. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा रस्त्याकडेला. म्हणाला, "आज पोट नाई, डायवरभाऊ. आज कान दुखून राह्यला."

हे सगळं मी हसत लिहितो आहे. आता लिहायचं आहे ते इतक्या वर्षांनीही हसत लिहिता येत नाही.

एका उन्हाळ्यात साप चावलेल्या बाईला घेऊन येत होतो. मागे तिचा नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, मार्थाबाई नाडी धरून. एका गावाच्या शिवारात रस्त्यावर म्हशींचा कळप. त्यात एक म्हैस अशी की गाडीच्या बरोबर पुढे उभी, आणि हलायचं नाव नाही. मी खाली उतरलो. तिला ढकललं, मारलं आणि तिच्या सात पिढ्या काढल्या. ज्या शिव्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं, त्या दिल्या. म्हैस बाजूला झाली. मी गाडीत बसलो, मागे वळून पाहिलं. मार्थाबाई त्या बाईचे डोळे मिटत होत्या.

डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं आधी आला असता तरी वाचली नसती, विष फार चढलं होतं. पण माझ्या डोक्यात वेळेचा हिशेब नव्हताच. त्या बाईच्या कानावर या जगातले शेवटचे शब्द पडले ते माझे, आणि ते एका म्हशीला दिलेल्या शिव्या होत्या.

त्यानंतर गाडी चालवताना प्रत्येक वळणावर तीच म्हैस दिसायला लागली. झोप गेली. ओरडणं कमी होईल असं वाटलं होतं, ते वाढलं. गाडीत ओरडायचा धीर होत नसे म्हणून घरात ओरडायचो. माझी बायको करुणा गरीब स्वभावाची. ताट वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची. रविवारी उपासनेला जायचो, पाळकसाहेब शांतीवर बोलायचे, आणि मी मनात म्हणायचो, कुठे मिळते ही, पत्ता सांगा. शेवटी राजीनामा लिहिला आणि मार्थाबाईंच्या हातात दिला. डॉक्टरांना द्यायची हिंमत नव्हती.

त्यांनी वाचला, घडी केली आणि पट्ट्यांच्या डब्यात ठेवला. "शांतवन, तुह्याकडून चुकलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील तुझी चूक नाही. सगळे तेच म्हणत होते.

"मरण तुह्या हातात नव्हतं. पण तोंड तुह्या हातात होतं. चुकलं म्हण."

"कोणाले म्हणू?"

"त्या नवऱ्याले. आन त्याच्याआधी प्रभूले. तो तुह्यापेक्षा कमी ओरडते, भिऊ नको."

दुपारी दवाखान्याच्या चॅपेलमध्ये प्रार्थनेला कुणी नसतं. मी जाऊन बसलो. सुरुवात हळू आवाजात केली. पण एकदा 'चुकलं' म्हटल्यावर मागचं सगळं धरण फुटलं: ती बाई, ती म्हैस, माझा बाप, हे नाव, ती सेल्फ नसलेली जीप. देवाला मी काय काय विचारलं ते आता आठवत नाही, पण आवाज आठवतो, कारण कंपाउंडर काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, चॅपेलमध्ये चोर शिरला आहे आणि कुणीतरी त्याला धरलं आहे. मला एकट्याला रडताना पाहून तो काठी मागे लपवून म्हणाला, "चालू द्या, चालू द्या," आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सायकलने त्या बाईच्या गावी गेलो. नवरा अंगणात जाळी विणत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं की मी ड्रायव्हर, मी शिव्या दिल्या, मला माफ करा. त्याने हातातली गाठ पूर्ण केली. मग सरकून बसायला जागा दिली आणि म्हणाला, "मी बी त्याच म्हशीले शिव्या देऊन राह्यलो होतो, भाऊ. तुमी जोरात देल्ल्या, मी मनात." आम्ही दोघांनी काळा चहा घेतला. चहात साखर फार होती. मी पूर्ण प्यायलो.

त्या दिवसापासून मला शांती मिळाली असं लिहिलं तर मार्थाबाई वरून चष्मा पुसतील. वळणावर म्हैस दिसायची थांबली, झोप परत आली, हे खरं. सकाळी वॉर्डातल्या प्रार्थनेला मी मागच्या दाराशी उभा राहायला लागलो. पण स्वभावाला औषध नाही. महिन्याभरात पुन्हा बैलगाड्यांवर तोंड सुटलं.

मग आला त्या सालचा श्रावण. पलीकडच्या गावांत मलेरियाची साथ. माझ्या सासुरवाडीलाच शाळेत कॅम्प लावला. मार्थाबाई आणि मी औषधं घेऊन गेलो. करुणा तिथेच होती, माहेरी धान रोवण्याच्या कामाला मदत म्हणून गेलेली. दोन दिवस वरून पाऊस आणि आत पेशंट. शाळेच्या व्हरांड्यात माणसं ओळीने पडलेली. मार्थाबाईंनी पाठ टेकलेली मी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी करुणाचं डोकं दुखायला लागलं. तिने सांगितलं नाही. कामाच्या वेळी कशाला, म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी सासू रडत शाळेत आली. मी घरी गेलो तर करुणाचे डोळे उघडे, पण मला ओळखेना. दात घट्ट मिटलेले.

मार्थाबाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. "मलेरिया मेंदूत चढला. क्विनाइनच्या सलाइनशिवाय उतरत नाई. इथलं कालच संपलं."

करुणाला गाडीत टाकलं. सगळ्या गावाने धक्का मारला. धक्का असा होता की करुणा गावाची किती लाडकी आहे ते मला त्या दिवशी कळलं. पुलाशी आलो. पूल नव्हता. तो ठेंगणा पूल दर पावसाळ्यात बुडायचा, पण या वेळी त्याचे दगडसुद्धा दिसत नव्हते. गढूळ पाणी, आणि त्यावरून एक अख्खं झाड मुळांसकट चाललेलं. पलीकडे, पावसात, दवाखान्याचं पांढरं छप्पर दिसत होतं.

मी खाली उतरलो आणि नदीवर ओरडलो. खोटं सांगत नाही. गळा फाटेस्तोवर ओरडलो. म्हैस तरी शेवटी बाजूला झाली होती. नदी झाली नाही.

मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. पैकूभाऊ होता.

"गाडी राहू द्या इथीच, डायवरभाऊ. आज माह्या गाडीत बसा."

"या पुरात? डोंगा उलटन ना!"

"हे नदी मले लहानपणापासून शिव्या देऊन राह्यली. तिचं समजते मले." मग बोट माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "पण एक हाय. डोंग्यात डायवर मी. तुमी बोलाचं नाई."

डोंगा म्हणजे एका झाडाचं कोरलेलं खोड. त्याला बाजू नाहीत म्हटलं तरी चालेल. पुढे पैकूभाऊची बायको वल्हं घेऊन, मागे तो. मध्ये करुणा आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. तिच्या पायाशी मार्थाबाई, औषधांची रिकामी पेटी कुशीत घेऊन. काठ सुटला आणि मला कळलं की मी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या गाडीत बसलोच नाही. माझ्या हातात स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, आणि उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो आहे.

"पाय आवरा!" मागून पैकूभाऊ ओरडला. "डोंगा फुटन!"

मधल्या धारेत आलो तेव्हा डोंगा आडवा झाला. पाणी आत यायला लागलं. एक लाकूड हातभरावरून गेलं. मी मार्थाबाईंकडे पाहिलं, प्रार्थना तरी करत असतील म्हणून. त्या झोपल्या होत्या. खरंच. पेटीवर डोकं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं, आणि घोरत होत्या!

वादळात होडीत झोपलेल्या प्रभूची गोष्ट मी रविवारशाळेपासून ऐकलेली. पण खरं सांगतो, त्या गोष्टीत मी कायम त्याला ओरडून उठवणाऱ्या शिष्यांच्या बाजूने असायचो. होडी बुडत असताना झोपायचं म्हणजे काय! मी मार्थाबाईंवर ओरडायला तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला. आणि खाली करुणाचा चेहरा होता. तिचा कान माझ्या गुडघ्याजवळ, ओला. या कानावर आज शेवटचे शब्द पडायचे असतील तर ते कोणते, हे फक्त माझ्या हातात होतं. नदी नाही, डोंगा नाही, मलेरिया नाही. तेवढंच.

प्रार्थना करायची म्हटली तर एकही आठवेना. इतकी वर्षं मंडळीत काढली, पण जिभेवर आली ती फक्त जेवणाआधीची, लहानपणी आईने पाठ करून घेतलेली. मी तीच म्हटली, करुणाच्या कानाशी वाकून, हळू: "हे प्रभू, तू हे अन्न दिलंस, तुझे उपकार मानतो. आम्हांला एकत्र बसवलंस, तुझे उपकार मानतो."

मागून पैकूभाऊ दम लागलेल्या आवाजात म्हणाला, "अन्न? अन्न कुठी हाय?"

"चूप राहा, डायवरभाऊ," मी म्हणालो, "तुमी नदी पाहा." आणि पुन्हा तीच म्हटली. पुन्हा. किती वेळा म्हटली माहीत नाही. पाऊस थांबला नाही, धार कमी झाली नाही, लाकडं तेवढीच वाहत होती. पण केव्हातरी माझ्या लक्षात आलं की माझा उजवा पाय सैल पडला आहे. छातीत कित्येक वर्षं एक इंजिन विनाकारण घुरघुरत होतं, ते कुणीतरी चावी फिरवून बंद केलं होतं. भीती होती. रडूही येत होतं. पण आत शांत होतं. करुणा माझ्या मांडीवर होती, मी आणि ती दोघंही कुणाच्यातरी मांडीवर होतो, असं मला वाटलं. याहून बरं मला लिहिता येत नाही.

घाटाला डोंगा आपटला तसे मार्थाबाईंनी डोळे उघडले. "आलं का?" म्हणाल्या, चष्मा वर सारला आणि चिखलातून धावत सुटल्या. स्ट्रेचर घेऊन येणाऱ्या कंपाउंडरला त्यांनी मागे टाकलं. दहा मिनिटांत सलाइन लागलं.

संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "बाई, केवढा तुमचा विश्वास! अशा पुरात तुमी झोपल्या."

"विश्वास कसला रे बावा? दोन दिवस डोळ्याले डोळा लागला नव्हता." मग चष्म्याचा दोरा आवळत म्हणाल्या, "पैकू वल्हवून राह्यला होता. करुणा तुह्याजवळ होती. देव जागा होता. मी जागून काय करू?"

करुणा तीन दिवस तशीच. मी कॉटजवळ स्टुलावर बसून राह्यलो. वॉर्डबॉयने बादली सांडली, कंपाउंडरने सलाइनची बाटली आणायला उशीर केला, कुणाच्यातरी नातेवाइकाने माझ्या पायावर कॉट ठेवली. मी काही बोललो नाही. कंपाउंडर हळूच डॉक्टरांना सांगत होता की शांतवनलाही एकदा तपासून घ्या.

चौथ्या दिवशी सकाळी करुणाचे ओठ हलले. मी वाकलो. मार्थाबाईही वाकल्या. तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कवापासून जेवणाची प्रार्थना करून राह्यले तुमी. वाढा ना आता."

मार्थाबाई एकदम मागे वळल्या आणि खिडकीशी जाऊन चष्मा पुसायला लागल्या. फार वेळ पुसत होत्या.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो, भाताची पेज आणली, फुंकून गार केली. चमचा तिच्या ओठांशी नेला. सवयीने डोळे मिटले, हात जोडायला गेलो, तर ती म्हणाली, "आता पुरे." आणि तोंड उघडलं.